तांड्याचा कोरम

वाळलेलं सोयाबीन हाताला चावतं. शेंगेच्या टोकाला सुईसारखा काटा असतो. दिवसभर मुठी धरून विळा ओढला की तळहाताची अशी काही चाळण होते, की संध्याकाळी पिठात मीठ टाकून हात घातला तर डोळ्यांत पाणीच. मिनानं त्यावर तोड काढली होती. वसरामच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, जुन्या पायमोज्यांची टोकं कापून तिनं ते हातात चढवले. पहिल्या दिवशी अख्ख्या कोंडवाडी तांड्यानं तिची चेष्टा केली, आणि चौथ्या दिवशी तांड्यातल्या एकाही बाप्याच्या पायात मोजा उरला नाही.

त्या संध्याकाळी ती दारात बसून तेच मोजे सोलून काढत होती, तेवढ्यात जळबा आल्याची हाळी फिरली. जळबा म्हणजे ग्रामपंचायतीचा शिपाई. काखेत लांबडं रजिस्टर, खिशात शाईची डबी. वर्षातून चार वेळा तो ओढा ओलांडून असाच यायचा, उत्तमसिंग नायकाच्या ओसरीवर मांडी घालायचा, आणि तांडा रांगेनं येऊन अंगठे देऊन जायचा. झाली ग्रामसभा! गावात जायला नको, मजुरी बुडायला नको. पोरंसोरं तिला घरपोच सभा म्हणायची. नायकाचा शब्द म्हणजे तांड्याचा शब्द ही रीत जुनी, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना ती सोयीची होती.

मिनाबरोबर तिची पुजाही निघाली. पुजा नववीत. उन्हाळ्यात तिनं आईला सही शिकवली होती, आणि ती सही रजिस्टरात कशी उमटते हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

"वर काय लिव्हलं हाय?" मिनानं पेन हातात घेऊन विचारलं.

"काय लिव्हलं असंल? तारीख," जळबा म्हणाला. "कर सही."

पुजानं मान वाकडी करून आईला वाचून दाखवलं. "याडी, दोन ऑक्टोबरची ग्रामसभा. हजर सभासद."

"आज तं तीस तारीख हाय," मिना म्हणाली.

"व्हय."

"मंग परवाच्या सभेत मी आज कशी हजर?"

रांगेत खसखस पिकली. जळबानं नायकाकडं पाहिलं. नायक लाल पागोट्याखाली डोळे मिटून तंबाखू मळत होते.

"मिनाबाई, असं इचारायचं नसतं वं," जळबाच म्हणाला. "दर साली करून राहिलो ना आपण?"

"सभेत ठरनार काय हाय?"

"पुढल्या सालाचा आराखडा. गावाच्या तोंडाला कमान, मंदिरापुढं गट्टूची फरशी. चांगलंच हाय ना?"

"आन् आपल्या वढ्यावरला पूल?"

"पुलाचं कोन बोललं?"

"आमी तिथं असलो तं बोलू ना!"

जळबाला घाम आला. तो माणूस वाईट नव्हता, पण घाबरला की त्याची जीभ सुटायची. "हे बघ माय, शंभर डोकी भरावं लागतेत, त्याला कोरम म्हनतेत. गावातून येतेत तीस-पस्तीस, ते बी चहा होईस्तोर. बाकीची तुमच्याच अंगठ्यांनी भरतेत. तुमी न्हाई म्हनलात तं सभाच उभी राहत न्हाई, अन् ग्रामसेवक भाऊसाहेब मला उभा जाळतेत."

इतकी वर्षं गावची सभा तांड्याच्या अंगठ्यांवर उभी होती, आणि तांड्याला वाटत होतं की गावच आपल्यावर उपकार करून राहिलं.

मिनानं पेन खाली ठेवलं.

नायकांनी डोळे उघडले. "मी सरपंचाला, दिपकला, सबूद दिलाय, सूनबाई."

"व्हय, नायक," मिना म्हणाली. ती तशीच पुजाचा दंड धरून ओसरी उतरली. मागं बायका कुजबुजत होत्या.

तिचं कारण सगळ्या तांड्याला ठाऊक होतं. ऑगस्टात शाळेतून येताना पुजा ओढ्यात पडली होती. पाणी गुडघ्याएवढं दिसलं म्हणून पोरगी उतरली, आणि मधोमध पाय सुटले. करंजीच्या मुळीला हात लागला म्हणून वाचली. दप्तर गेलं ते गेलंच. त्या दिवशी वसराम ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. पोरीच्या डोक्यावर टॉवेल टाकून तो एवढंच म्हणाला, "पुढल्या पावसाळ्यात ही दहावीत. पूल झाला तं शाळा. न्हाई तं आपल्यासंगं उसावर. लेकरू वाहून जान्यापरीस डोळ्यापुढं बरं."

दिवाळी झाली की दोघं नवरा-बायको ऊसतोडीला जायची, तांडा जायचा तसा. पुजा आजीजवळ राहायची. उसात गेलेली पोरगी पुन्हा वर्गात बसल्याचं मिनानं अजून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फटफटताच बायकांची टोळी कामाला निघाली. चौदा जणी. सध्या गुत्तं, म्हणजे उक्तं काम, होतं जनकाबाईच्या तीन एकराचं. जनकाबाई गावातल्या बौद्धवाड्यातली. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, लेक प्रेमानंद पुण्यात कंपनीत. तीन एकर एकटी रेटायची.

"मी बी न्हाई दिला अंगठा," चांगुणा चालता चालता म्हणाली.

"तुझा अंगठा सुजलाय म्हनून न्हाई दिला!" शिला म्हणाली.

"सुजला नसता तरी दिला नसता!"

हसण्यात ओढा कधी ओलांडला कळलं नाही. पण हसू आलं तरी मिनाच्या मनातली धाकधूक जाईना. नायकाच्या ओसरीवरून तिच्यामागं एकेक करत चाळीसभर बायका उतरल्या होत्या. काही मनानं, काही दुसरी उतरली म्हणून. बाप्ये बहुतेक मळणी यंत्रांवर हट्टा गावाकडं गेलेले. आल्यावर ते काय म्हणतील?

दोन तारखेला गावात सभेला छत्तीस माणसं जमली आणि सभा खरंच मोडली. संध्याकाळी चांगुणानं ओढ्यात पाय आपटून नाच केला. "आपल्याबिगर हालत न्हाई गाव! कळलं का?"

तिसऱ्या दिवशी पुजा शाळेतून आली ती पळतच. ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची नोटीस तिनं वहीत उतरवून आणली होती. तहकूब सभा मंगळवारी, सात तारखेला, सकाळी अकरा वाजता. आणि खाली एक ओळ.

"याडी, ह्या सभेला कोरम लागत न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी पाच मानसं आली तरी ठराव व्हतो. शाळेतल्या बाईंना इचारलं मी. एकदा मोडली की दुसऱ्यांदा डोकी मोजत न्हाईत."

मिना चुलीपुढं होती. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला वास आला नाही.

ती बातमी तांड्यात फिरायला भाकर भाजायचाही वेळ लागला नाही. रात्रीच्या आत चार जणी दारात येऊन बोलून गेल्या. आता अंगठा पण गेला आणि सभा पण गेली. निदान अंगठ्याच्या नावावर दिपक सरपंच तांड्यात एखादा खांब, एखादी बत्ती द्यायचा. नायकाची बायको मोतीबाई तेवढी शेवटी बोलली. म्हातारी दारातच काठीवर वाकून उभी राहिली.

"मिना, नायक दोन दिवस जेवले न्हाईत बराबर. तुझ्यामुळं."

"माफी करा, काकी."

"माफी राहू दे. आता काय करतीस ते सांग."

"अंगठा चालत न्हाई तं अंगानं जावं लागंल," मिना म्हणाली. म्हणून गेली, आणि मग तिचं तिलाच भ्या वाटलं.

अंगानं जायचं म्हणजे मंगळवारी. आणि मंगळवारी जनकाबाईची गंजी होती.

सोयाबीन कापून झालं होतं. तीन एकरभर पाथीपाथीनं वाळत पडलं होतं. ते गोळा करायचं, वावराच्या मधोमध गंजी लावायची, ताडपत्री ओढून दगडं ठेवायची, मगच गुत्तं फिटायचं. गंजी झाकेपर्यंत टोळीनं शेत सोडायचं नाही ही रीत. ज्या टोळीनं ती मोडली तिला पुढच्या साली बांधावर कुणी उभं करत नाही. वर दोन दिवसांपासून आभाळ भरून येत होतं. दुपारी वारा पडायचा, अंगाची काहिली व्हायची, आणि शिरड शहापूरच्या अंगाला काळं काळं साचायचं. भिजलं सोयाबीन म्हणजे दाणा काळा, शेंगेतच कोंब.

मिनानं सोमवारी जेवणाच्या सुट्टीत विषय काढला. जनकाबाईच्या हातातला घास हातात राहिला.

"अर्ध्यात सोडून जाता व्हय गं? माझं सालाचं पोट हाय ह्या तीन एकरात!"

"अकराची सभा हाय, माय. आमी दिस उगवायच्या आधी येतो."

"अन् पानी आलं तं?"

मिनानं आपली भाकरी फडक्यात गुंडाळली. बाकीच्या बायका भाकरीकडं बघत बसल्या.

"पूल पाहिजे तुमाला," जनकाबाई म्हणाली. "मला न्हाई का पाहिजे काही? आमच्या गल्लीत नाली न्हाई, दारात चिखल. पन तुमच्याकडं निदान अंगठा मागायला तरी येतेत. आमच्या वाड्यात जळबा त्याच्यासाठी बी फिरकत न्हाई."

"मंग तुमी बी चला की सभेला!" शिला बोलून गेली.

"अन् गंजी तुझा बाप झाकील?"

शिलानं जीभ चावली. जनकाबाईनं पाणी प्यायलं, तोंड पुसलं, बराच वेळ आभाळाकडं बघितलं. मग तिला स्वतःचाच राग आल्यासारखं ती म्हणाली, "तांबडं फुटायच्या आत या. गंजी लागली पाहिजे. झाकायला माझ्यासंगं एक जन ठिवा. मंग मरा तिकडं."

एक जण म्हणजे एक हात कमी. कोण राहणार यावरून वाटेनं भांडण पेटलं, कारण आता सगळ्यांनाच सभा बघायची होती. शेवटी शिलानं काडी ओढायला लावली. आखूड काडी चांगुणाला आली. ती शिव्या देत राहिली, पण राहिली.

मंगळवारी माणूस ओळखू येत नव्हता अशा उजेडात त्या वावरात उतरल्या. दवानं शेंगा नरम होत्या, काटे बोथट होते, एवढंच सुख. कवळ भरायची, डोक्यावर घ्यायची, पळायची. मिना गंजीवर उभी राहून रचत होती. कमरेत कळ आली की ती दात दाबून पुजाच्या दप्तराचा विचार करायची आणि पुढची कवळ घ्यायची. नऊ वाजले. दहा वाजले. घाम डोळ्यांत, भुसा मानेत, नाकात, चोळीत. सव्वादहाला शेवटची पाथ उचलली आणि आभाळ गुरगुरलं.

"जा!" जनकाबाई ओरडली. "बघत काय बसल्या?"

धुवायला वेळ नव्हता. तेरा जणी तशाच निघाल्या. ओढ्याशी तांड्यातल्या बाकीच्या बायका येऊन थांबल्या होत्या. कुणी आपलं वावर टाकून, कुणी शेळ्या बांधून. मोतीबाई काठी टेकत पुढं. मिनानं मोजलं. एक्केचाळीस. पुन्हा मोजलं. एक्केचाळीसच. गावातून किती येतील ते कुणाला ठाऊक?

ग्रामपंचायतीपुढच्या मंडपात खुर्च्या मांडल्या होत्या, आणि खुर्च्यांवर गाव बसलं होतं. उत्तमसिंग नायक पहिल्या ओळीत, सरपंचाशेजारी. सरपंच दिपक तिशीतला, पांढरा शर्ट, बोलायला गोड.

"अरे वा! या, या. जळबा, चहा वाढव." मग त्यांच्या अंगाकडं बघून, "खुर्च्या कमी हाईत. खाली बसता का?"

"खळं आलं बाबा सभेत," मागून कुणीतरी म्हणालं. मंडप हसला. शिलानं केसातली काडी उपटली आणि त्या आवाजाच्या दिशेनं फेकली. त्या खाली बसल्या, अगदी पुढं, खुर्च्यांच्या पायांना पाठ लावून.

भाऊसाहेबांनी आराखडा वाचला. एक, प्रवेशद्वार कमान. दोन, मंदिरासमोर गट्टू. तीन, चार, पाच. "कुणाची हरकत?"

मिना उभी राहिली. कमरेत मघाची कळ होती. तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. तांड्यात घराघरात गोरमाटी बोली, वावरात मजुराची मराठी, आणि इथं? इथली मराठी कोणती?

"बोला, बाई," दिपक म्हणाला.

"पूल," मिना म्हणाली. "वढ्यावर."

"पूल ना? बराबर हाय तुमचं. पन पूल लई मोठं काम. ते आपल्या ताकदीबाहेरचं. जिल्ह्याला अर्ज देऊ आपण."

खुर्च्यांवरच्या माना हलल्या. झालं, संपलं. मिना खाली बसणार होती. पण 'मोठं काम' हा शब्द तिच्या कानात अडकला. काम! कामाचं तिला कळत होतं.

"मोठा पूल कोन मागून राहिलं?" ती म्हणाली, आणि ह्या खेपेला आवाज कुठून आला कोण जाणे. "रोजगार हमीवर दोन साल मी अन् माझ्या मालकानं नळकांडी पुलाचंच काम केलं. मला ठाऊक हाय. वढा पंधरा पावलं रुंद. सिमेंटच्या सहा नळ्या, तीनाच्या दोन ओळी. खाली दगडाची सोलिंग, दोन्ही अंगाला भिंत, वर मुरूम अन् काँक्रिट. सोलिंग नीट न्हाई केली तं पहिल्या पान्यात नळ्या सरकतेत, ते आमी करून देऊ, आमाला येतं. कमानीपेक्षा जास्त सिमेंट लागत न्हाई. मोजा तुमी!"

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "सहा नळ्या?"

"सहा. पाच बसवल्या तं पानी वरून जातं. लेकरं वरून जायला पाहिजेत, पानी खालून."

कुणी हसलं नाही.

"माझी पोरगी ऑगस्टात वाहून चालली व्हती," मिना म्हणाली आणि मटकन खाली बसली.

दिपकनं इकडं तिकडं बघितलं. "मंग हात वर करा. एक नंबरला कमान पाहिजे त्यांनी."

जळबानं मोजले. सदतीस. मग पहिल्या ओळीतून आणखी एक हात सावकाश वर गेला. उत्तमसिंग नायकांचा.

बायकांच्या ओळीतून 'ऐ माय' असा श्वास निघाला. नायक समोर बघत होते, हात काठीसारखा सरळ. "सबूद दिला व्हता मी," ते म्हणाले. "सबूद माझा हाय. मी माझा हात देतो. तांड्याचे हात तांड्यापाशी."

"अडतीस," जळबा म्हणाला. "आता पूल."

मोतीबाईनं नवऱ्याकडं बघत काठीच उचलली. "माझी काठी बी धर रे जळबा!"

"काठीला मत न्हाई, काकी. हात करा."

एक्केचाळीस हात. काटे रुतलेले, सुजलेले, काही अजून पायमोजे घातलेले. जळबानं दोनदा मोजले. दुसऱ्यांदा मोजताना त्याचा आवाज चिरकला.

"लिहा भाऊसाहेब," दिपक म्हणाला. चेहरा पडला होता, पण त्यानं सांभाळून घेतलं. "पूल एक नंबरला. पन ऐकून ठिवा, मिनाबाई. हा कच्चा आराखडा. आता वरी जातो, तपासून येतो, अन् सव्वीस जानेवारीच्या सभेत पक्का व्हतो. तवा पुन्हा हात लागतेत." तो थोडा थांबला. "अन् तवा तुमी उसात असता."

त्यानं ते टोचून म्हटलं की सहज, मिनाला कळलं नाही. पण ते खरं होतं.

पहिला थेंब मंडपावर पडला आणि तेरा जणी उठून पळत सुटल्या.

वावरात पोचल्या तेव्हा पाऊस तिरपा येत होता. वाऱ्यानं ताडपत्रीचं एक टोक सोडवलं होतं, आणि ते टोक जनकाबाई अंगाखाली दाबून पालथी पडली होती. दुसऱ्या बाजूला चांगुणा, सुजलेल्या हातानं दगड ओढत, अजून शिव्या देत. तेरा जणींनी धरलं तशी ताडपत्री गप्प झाली. दगडं बसली. मग त्या सगळ्या गंजीच्या आडोशाला एकमेकींना चिकटून बसल्या, आणि जनकाबाईनं ताडपत्रीखाली हात घालून चाचपलं. एक अंग ओलं झालं होतं.

"माफी करा, माय," मिना म्हणाली.

जनकाबाईनं ओल्या शेंगा मुठीत घेतल्या, वास घेतला, परत ठेवल्या. "ऊन पडलं तं वाळंल. न्हाई पडलं तं तेवढं गेलं." मग ताडपत्रीचं टोक दाबत, "लिव्हला का?"

"लिव्हला. एक नंबरला. पन जानेवारीत पुन्हा हात लागतेत."

"त्या टायमाला सांगा मला. मी अन् आमच्या वाड्यातल्या येतो. आमची नाली बी मांडायची हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी वसराम हट्ट्याहून आला. त्याला वाटेतच सगळं कळलं होतं, कुणी वाढवून, कुणी खाली पाडून. मिनानं ताट वाढलं. पुजा भिंतीपाशी वही उघडून बसली होती आणि एक अक्षर वाचत नव्हती.

"लिव्हला म्हनं पूल," वसराम म्हणाला.

"व्हय."

"कवा व्हनार?"

"ठाऊक न्हाई. सव्वीस जानेवारीला इथं कोनीतरी पाहिजे, तवा तो कागदावर टिकंल."

"तवा तं आपन उसात."

"तुमी उसात," मिना म्हणाली.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला मुकादम टोळीत घेतच नाही, आणि घेतला तर अर्धा कोयता म्हणून सगळे हिणवतात. हे तिला कुणी सांगायला नको होतं, आणि त्यालाही.

"मुकादमाला काय सांगू?"

"भावाला सोबत घ्या. तो बी एकटाच हाय औंदा."

"आन् भाकरी कोन थापील तिथं?"

"ज्याला भूक लागंल तो."

पुजाला हसू फुटलं, तिनं वही तोंडावर धरली. वसरामनं एकदा वहीकडं बघितलं, एकदा बायकोच्या हातांकडं. त्यानं ताटातली भाकरी उलटून बघितली. बाहेर ऊन पडलं होतं, आणि जनकाबाईच्या वावराकडून बायकांच्या हाका येत होत्या. गंजी उघडून वाळवायची होती.

मिना उठली, विळा आढ्यात खोचला.

"पीठ किती घ्यावं लागतं गं," मागून वसरामचा आवाज आला, कुणालाही ऐकू जाऊ नये इतका हळू, "दोघांच्या भाकरीला?"